नायट्रोत मागची सीट धरा भो

आमच्या जळगावकडचं कोणी खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला निघालं की मला फोन येतोच, आणि पहिला प्रश्न ठरलेला, नायट्रोत, म्हणजे तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये, बसायचं का नाही? बसायचंच! आणि तेही शेवटच्या रांगेत, त्यासाठी जरा जास्त थांबावं लागलं तरी थांबायचं.

कारण सांगतो. रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं, साखळी तिला वर ओढून नेते आणि तिथून सोडलं की पुढचं सगळं त्या पहिल्या उताराच्या जोरावर. नायट्रो साधारण 40 मीटर उंच, वेग ताशी 105 किमीपर्यंत जातो आणि त्यात 5 वेळा उलटं व्हायचं. (तिथल्याच डीप स्पेस या दुसऱ्या कोस्टरचं वेगळं, तिथे अंधारात सुरुवातीलाच जोरात ढकलून सोडतात.) आता पुढची रांग टोक ओलांडते तेव्हा मागचे अजून चढावरच असतात, गाडी हळू असते, म्हणून पुढच्यांना क्षणभर नुसतं लटकल्यासारखं होतं. पण मागच्यांची पाळी येईपर्यंत पुढचा भाग उताराला लागून गाडीने वेग धरलेला असतो, त्यांना टोकावरून अक्षरशः खेचून नेतात, बूड सीटवरून उठतं आणि पोटात जो गोळा येतो ना, त्यासाठीच तर जायचं एवढ्या लांब. पुढच्या रांगेत नजारा मस्त दिसतो हे मान्य, नायट्रोला पायाखाली फळीच नाही, स्टेशनातून निघताना खालची जमीन सरकते आणि पाय लोंबकळत राहतात, ते एकदा पुढे बसून बघाच. पण मजा मागेच.

उलटं झाल्यावर गाडी खाली नाही का पडणार, असं घरचे विचारतात. नाही पडत, कारण चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही असतात, रूळ तिन्हीकडून धरलेला असतो. आणि लूप, म्हणजे गाडीला उलटं करून आणणारा रुळाचा उभा वेढा, नीट बघा, पूर्ण गोल नसतो, थेंबासारखा वर निमुळता असतो, पूर्ण गोल केला तर खालून आत शिरताना मानेवर फार जोर येतो. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कमध्ये 1976 ला असा लूप घेऊन रिव्होल्यूशन नावाची रोलर कोस्टर सुरू झाली, तिथून पुढे लूप सगळीकडे पसरले.

हीच मागच्या सीटची गोष्ट आपल्या जत्रेतपण चालते. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत सगळे घोडे बघायला जातात, मी पाळण्यांकडे जातो. झुलत्या नावेत मधे बसणाऱ्यांना काहीच कळत नाही, अगदी टोकाला बसा, नाव वर जाऊन थांबते आणि परत फिरते तेव्हा अंग हलकं होतं ते तिथेच. ब्रेक डान्सला जाडा आणि बारीक असे दोघं एका डब्यात बसवा, वजन एका बाजूला गेलं की डबा गरागरा फिरतो. फक्त दांड्याची खीळ आधी स्वतः ओढून बघा. एका जत्रेत दांडा सुतळीने बांधलेला होता, मी तिथल्या तिथे उतरलो आणि बरोबरच्या पोरांनाही उतरवलं, पैसे गेले तर गेले.

इमॅजिकाला जायचं तर रात्रीची गाडी, कल्याणला उतरून खोपोली लोकल. सकाळी बाकीचं उरकून घ्या, नायट्रो दुपारनंतर, तोवर चाकं आणि ग्रीस तापलेलं असतं आणि गाडी सकाळपेक्षा जोरात पळते. सगळ्या सीटा भरलेल्या असल्या तर अजूनच भारी.