क्रुसाचा सण आणि आळीचा फळा

वसईच्या उत्तर पट्ट्यात, निर्मळपासून आगाशीपर्यंत कुठल्याही आळीत शिरा. वळणावर, विहिरीशेजारी किंवा दोन वाड्यांच्या बांधावर एक क्रूस उभा दिसेलच. चर्च साऱ्या धर्मग्रामाचं, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या सगळ्या वस्तीचं असतं, क्रूस मात्र आळीचा. त्याला चुना कधी काढायचा, संध्याकाळचा दिवा कुणी लावायचा, चौथऱ्याची फरशी कधी बदलायची, हे सगळं आळीच ठरवते आणि वर्षातून एकदा त्याचा सण करते. पूर्वी ३ मे हा क्रूसशोधाचा सण होता. १९६० मध्ये रोमच्या पंचांगातून तो निघाला, पण आमच्या आळ्यांनी मे महिना काही सोडला नाही. शाळांना सुट्टी असते, मुंबईला नोकरी करणाऱ्यांना रजा मिळते, पाऊस यायला अवकाश असतो. शिवाय मे हा मारियामातेचा महिना, त्यामुळे रोज संध्याकाळी रोझरीला, म्हणजे तिच्या जपमाळेच्या प्रार्थनेला जमायचं असतंच.

आमच्या आळीचा सण मेच्या दुसऱ्या रविवारी. ईस्टर झाला की मंडळाची बैठक, वर्गणी, मांडवाचं बोलणं, मग नऊ संध्याकाळी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. नवव्या दिवसानंतर क्रुसासमोर मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवलेली मुख्य उपासना, आणि मिस्सा आटोपली की चणे.

चण्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे सण झाला का असं कुणी विचारत नाही, चणे मिळाले का असं विचारतात. आदल्या संध्याकाळी मंडळाचे दोन मोठे टोप विहिरीजवळ येतात. बायका चणे निवडतात, पाण्यात टाकतात, तरंगून वर येतील ते काढून टाकतात. रात्रभर भिजून ते टपोरे होतात. पहाटे तीन दगडांच्या चुलीवर टोप चढतो, खाली नारळाच्या झावळ्या आणि सुकी लाकडं. मीठ किती घालायचं हे ठरवायचा मान आमच्या एका आत्याचा. ती हातात मीठ घेऊन टोपाभोवती एक फेरी मारते आणि मगच टाकते. चणे शिजले की त्यात खोबऱ्याच्या पातळ कातळ्या. बस्स, एवढंच. वर्तमानपत्राच्या पुड्यात गरम चणे आले की कागद ओला होतो, बोटांना शाई लागते, आणि पोरं दुसरा पुडा मिळवायला रांगेत परत उभी राहतात. त्यांना कुणी हटकत नाही.

संध्याकाळी लाल लुगडं नेसलेल्या आज्या पुढच्या खुर्च्यांवर बसतात. मग पोरांचे नाच, एखादी नाटुकली, संगीत खुर्ची, दोरीखेच. त्याआधी मंडळाचा सचिव वर्षाचा अहवाल वाचतो. बाहेरच्या माणसाला यात काय ऐकायचं असं वाटेल. आळीला मात्र याचीच सगळ्यात जास्त ओढ. वर्षभरात कुणाकडे बाळ जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण गेलं, कोण दहावी-बारावी पास झालं, कोण आखातात गेलं, कुणी नवा टेम्पो घेतला. प्रत्येक घराचं नाव एकदा तरी यायलाच हवं हा अलिखित नियम. ज्या घरात वर्षभर काहीच घडलं नसेल त्याच्याबद्दल सचिव म्हणतो, 'अमक्यांच्या घरी सर्व कुशल.' त्यालाही टाळ्या पडतात.

या अहवालाचं कच्चं काम वर्षभर चालतं ते क्रुसाशेजारच्या फळ्यावर. काळा लाकडी फळा, वर पत्र्याचं छप्पर. मुळात तो सणाचा कार्यक्रम लिहिण्यासाठी केला होता. हळूहळू त्यावर आळीच्या बातम्या येऊ लागल्या. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या शेवटी फादर सूचना वाचतात त्या धर्मग्रामाच्या. फळ्यावर आमच्या: विहिरीचा पंप बंद आहे, रेशनवर साखर आली, अमक्याकडे अळूची रोपं फुकट.

२०२० चं साल आमच्याकडे आनंदात उजाडलं होतं. जानेवारीत उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, ही बातमी फळ्यावर रंगीत खडूने लिहिली होती आणि ती पुसायला कुणी तयार नव्हतं. मार्चमध्ये कोरोनामुळे तिच्या शेजारी पहिल्यांदा 'हात धुवा' असं लिहावं लागलं.

२२ मार्चचा जनता कर्फ्यू रविवारी होता, ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा रविवार. त्याच रात्री लोकल थांबल्या. वसईबाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ चटकन कळणार नाही. आमच्या आळीत पहाटेची लोकल हेच घड्याळ. भाजीच्या पाट्या, केळी, दूध, फुलं, सगळं तिच्यातून मुंबईला जाणार. दादरचा फुलबाजार बंद, गाडी बंद, आणि वाडीत मोगरा मात्र रोज फुलतोय. पहिले काही दिवस लोकांनी कळ्या खुडून तशाच बांधावर टाकल्या. न खुडाव्यात तर झाड बसतं, खुडाव्यात तर घेणार कोण!

मीठ घालणारी आत्याच पहिल्यांदा क्रुसापाशी आली. डोक्यावर पाटी, तोंडाला लुगड्याचा पदर. पाटी चौथऱ्यावर उतरवून तिने लांबूनच हाक दिली, 'अरे पोरांनो, पालक न् मुळा हाय. ज्याला लागेल त्याने न्या. सडवायचा नाय.' दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतून वांगी आली, तिसऱ्या दिवशी केळ्यांचे घड. मंडळाने चुन्याने गोल आखले, सकाळची वेळ ठरवली आणि फळ्यावर लिहिलं: 'भाजी क्रुसापाशी. एका घरातून एकानेच यावं.' पैसे द्यायचे असतील तर डब्यात टाकायचे, नसतील तर नाही. डब्यात जमलं ते आणि त्या वर्षीच्या सणाची सगळी वर्गणी शिध्यासाठी गेली. पूर्वेकडच्या हायवेने माणसं पोराबाळांसह चालत उत्तरेकडे निघाली होती. त्यांना देण्यासाठी धर्मग्रामातून जी पाकिटं गेली, त्यात आमच्या आळीचे चुरमुरे, गूळ आणि केळी होती.

झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, ५ एप्रिलला घराघरात झाला. मिस्सा यूट्यूबवर. आमच्या आजीने मोबाईल देव्हाऱ्याशी ठेवला, शेजारी मेणबत्ती लावली, आणि फादर 'उभे राहू या' म्हणाले की ती उभी राहायची. त्याआधी, २७ मार्चच्या रात्री, पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या सेंट पीटर चौकात एकटे प्रार्थना करताना आम्ही पाहिले होते. त्या रात्री आमच्याकडे कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. आयुष्यभर पवित्र आठवड्यात चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते हेच पाहिलेल्या माणसांना ते रिकामेपण फार लागलं.

मोबाईलवर बातम्यांचा पूर आला होता. अमक्याला झाला, तमक्याला उचलून नेलं, अमक्या आळीत बांबू लावले. निम्म्या खोट्या, आणि खऱ्या होत्या त्याही माणसाला एकटं पाडणाऱ्या. तेव्हा मंडळाने एक निर्णय घेतला आणि माझ्या मते मंडळाने आजवर घेतलेला तो सर्वांत चांगला निर्णय. फळ्यावर आहे तीच आळीची बातमी, आणि फळ्यावर कुणाच्याही आजाराचं नाव लिहायचं नाही. त्याऐवजी लिहिलं जायचं: 'एका घराला आठवडाभर डबा हवा आहे. देणाऱ्यांनी सचिवांना फोन करावा.' कुठलं घर हे सगळ्यांना कळतच असे, पण चौकात बोललं जात नसे. डबे जात राहिले. वंडीवर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर डबा ठेवायचा, हाक द्यायची, मागे सरायचं.

मे आला तेव्हा सण होणार नाही असंच सगळे धरून चालले होते. टाळेबंदी १७ मेपर्यंत वाढली होती, धार्मिक स्थळं बंद. मंडळाच्या तरुण पोरांनी मात्र वेगळंच योजलं. नोव्हेनाच्या नऊ संध्याकाळी क्रुसासमोर एकाच घराने उभं राहायचं, रोज वेगळ्या. माईक तिथे, कर्णा चिंचेवर. बाकीच्यांनी आपापल्या ओट्यावरून उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी आवाज विस्कळीत होता, पुढचं घर 'नमो मारिया' संपवतंय तोवर मागचं मध्यावर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यांना लय सापडली. ज्या म्हाताऱ्यांना गुडघ्यांमुळे कित्येक वर्षं क्रुसापर्यंत येता येत नव्हतं, त्या माणसांनी त्या वर्षी नऊच्या नऊ दिवस रोझरी म्हटली. सण त्यांच्या ओट्यापर्यंत आला होता.

आणि फुलं! विकायला जागा नाही, म्हणून सगळा मोगरा क्रुसाकडे. एरवी आपण दोन माळा घालतो, फार तर चार. त्या वर्षी चौथऱ्यापासून माथ्यापर्यंत पांढराशुभ्र मोगरा, त्यात मध्ये मध्ये सोनचाफा. वास पार बावखलापर्यंत, म्हणजे वाडीतल्या तळ्यापर्यंत येत होता. ते बावखलही त्याच महिन्यात साफ झालं होतं. एरवी पोरं नोकरीच्या गाडीला धावतात, तेव्हा घरी होती. पहाटे पाचसहाजण अंतर राखून उतरायची, जलपर्णी काठावर ओढायची, गाळाच्या पाट्या केळीच्या बुंध्यांना द्यायची.

चण्यांचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. एका टोपात शिजवून वाटणं शक्य नव्हतं. शेवटी कच्चे चणे मोजून पिशव्या भरल्या, प्रत्येक घराच्या फाटकाला एक अडकवली आणि फळ्यावर लिहिलं: 'शनिवारी रात्री भिजत घाला. रविवारी चारला चुलीवर ठेवा.' मिठाचं प्रमाण आत्याने फोनवरून सगळ्यांना सांगितलं, तरी प्रत्येकाने आपल्या हाताचंच घातलं असणार. १० मेच्या त्या संध्याकाळी आळीत पाऊल टाकलं असतं तर रस्ता सामसूम दिसला असता, पण प्रत्येक घरातून चणे शिजल्याचा तोच वास येत होता.

मग कर्ण्यावरून अहवाल. सचिव एकटा माईकसमोर. घराचं नाव निघालं की त्या घरातून हाळी यायची, 'हाय!' कुणी थाळी वाजवायचं, कुणाचा कुत्रा भुंकायचा. दोन मुलींचं नाव आलं, दहावीच्या. त्यांचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीत अडकला आणि शेवटी रद्दच झाला होता. निकाल लागायला जुलै उजाडणार होता. पण सचिवाने तेव्हाच सांगितलं, 'या दोघींचा सत्कार मंडळावर उधार.'

त्या वर्षी नाताळही आवरता झाला. शहरात रात्रीची संचारबंदी, मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी सातला किंवा त्याआधी, चर्चमध्ये पन्नासच माणसं. पोरांनी येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे मात्र बांधले, एकेका घराने एकेक.

२०२१ बद्दल मी फार लिहिणार नाही. ४ एप्रिलला ईस्टर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून चर्च पुन्हा बंद झालं. मेमध्ये सण नव्हता. कुणी गेल्याचं सांगणारे चर्चच्या घंटेचे संथ ठोके ऐकू आले की बायका कामातला हात थांबवून मोजायच्या. वसईच्या घंटांना मोठा इतिहास आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या, आणि आजही नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीत त्या पाहायला मिळतात. आमच्यातला कुणी तिकडे गेला की मुद्दाम पाहून येतो. पण त्या मे महिन्यात घंटा वाजूच नये असं वाटायचं. १७ तारखेला तौक्ते वादळ आलं, केळीच्या बागा झोपल्या, वीज गेली. फोन बंद पडले तेव्हा निरोप ठेवायला आळीजवळ तो फळाच होता.

८ मे २०२२ ला सण पुन्हा क्रुसासमोर झाला. महिनाभर आधी पाडव्याच्या सुमारास राज्यातले सगळे निर्बंध उठले होते. मांडव मोठा घातला. त्या वर्षीच्या अहवालात मागचं सगळं राहिलेलं आलं. गेलेल्यांची नावं वाचायला उशीर लागला, पण पोरंसुद्धा जागची हलली नाहीत. ज्यांच्या अंत्यविधीला वीसच माणसं जाऊ शकली होती, त्यांच्यासाठी त्या दिवशी सगळी आळी एकदम उभी राहिली. मग बाळांची नावं. दोन वर्षांची झालेली पोरं आईच्या कडेवरून पहिल्यांदाच आळीला दिसत होती, आणि आज्या त्यांच्या तोंडावळ्यावरून घरं ओळखत होत्या. भूगोल सुटलेल्या त्या दोन मुलींचा सत्कार झाला, प्रत्येकीला एक नकाशावही.

तेव्हापासून मंडळाने दोन गोष्टी कायम ठेवल्या. अंथरुणाला खिळलेल्यांच्या फाटकाला कच्च्या चण्यांची पिशवी आदल्या दिवशी जाते, आणि कर्णा त्यांच्या घराच्या दिशेने वळवलेला असतो. आजाराचं नाव न लिहिण्याचा नियमही तसाच आहे.

अहवाल आता त्या दोन मुलीच वाचतात, अर्धा मराठीत आणि अर्धा आमच्या कादोडी बोलीत. एखाद्या घराचं जुनं नाव चुकलं की पुढच्या खुर्च्यांवरून तीनचार आज्या एकदम दुरुस्ती सांगतात, मुली थांबतात, नीट विचारून घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून वाचतात. कार्यक्रम लांबतो. पोरं तोवर चण्यांच्या रांगेत दुसऱ्यांदा उभी असतात.