टरफलावर तगलेला कारखाना: आमची वाटचाल

वेंगुर्ल्याजवळचा आमचा काजू कारखाना वडिलांनी काढला. सुरुवातीची वर्षं पायाच्या मशीनवर बी फोडण्यात गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. कुलूप लागायची वेळ आली ती 2013 मध्ये. ड्रायरचा बर्नर डिझेलवर, आणि त्या जानेवारीपासून दर महिन्याला लिटरमागे 50 पैसे चढवायचं सरकारी धोरण सुरू झालेलं. त्याच मोसमात पलीकडच्या मोठ्या कारखान्याने बागायतदारांना आगाऊ रोख देऊन सगळी बी उचलली. आमच्या गोदामात रिकामं बारदान. सोलणीच्या बायका विचारायच्या, "दादानू, उद्या येवचा काय नाय?"

तगलो ते कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्यामुळे. दोनशेचाळीस नंबरच्या, म्हणजे मोठ्या अख्ख्या दाण्याच्या, गराचे पैसे त्यांनी माल पोचायच्या आधी दिले. पाकळी म्हणजे अर्धा दाणा, किंवा तुकडासुद्धा कधी परत पाठवला नाही.

त्या पैशातून मिस्त्रीने ड्रायरला टरफलाची भट्टी जोडली. आख्खं टरफल जाळलं की डोळे झोंबवणारा धूर, आणि चिमणीत डांबरासारखा थर. मिस्त्री वरून साखळी सोडून तो खरवडायचा. पुढे आम्ही टरफलातलं तेल काढून उरलेली पेंड आणायला लागलो, तिचा त्रास पुष्कळ कमी. नवीन लोकांना सांगतो, घरचं टरफल फुकट धरू नका. भट्टीचं तेल (फर्नेस ऑइल) महागलं की त्याच्या जागी जळणाऱ्या टरफलाच्या तेलाला गिऱ्हाईक वाढतं आणि टरफलही चढतं. हिशेबात बाजारभावच लावा.

जानेवारी 2016 मध्ये कच्चं तेल पिंपाला 30 डॉलरच्या खाली आलं. पलीकडचे शेठ चारचौघांत म्हणाले, "भट्टी भंगारात घाला आता." पण उत्पादन शुल्क वाढत गेलं होतं, पंपावर तेवढा उतार आलाच नाही. मे 2020 मध्ये तर, जगात तेलाला कुणी विचारत नसताना, केंद्राने डिझेलवर एका फटक्यात लिटरमागे 13 रुपये चढवले. तेव्हा स्वस्ताईच्या भरवशावर बर्नर घेऊ नका, आणि भाव भडकल्या महिन्यात घाबरून सोलरच्या कर्जावर सहीही करू नका. आधी बॉयलरच्या पाइपांना लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं वेष्टन, करा, गळका व्हॉल्व्ह बदला. आमच्या छतावर पॅनल आहेत, त्यावर मोटारी चालतात. ड्रायरची उष्णता त्यातून काढणं आम्हाला परवडत नाही, आणि पावसाळ्यात तर बोलायलाच नको.

मिस्त्रीला मध्यंतरी पलीकडून बोलावणं आलं होतं. गेलो नाही म्हणतो. त्यांच्या चिमणीचा धूर मात्र हल्ली टरफलाचाच आहे, तो वास आम्हाला कुणी शिकवायला नको.