पावणेतीनचा सूर्यास्त आणि हरवलेली उमेद: स्टॉकहोमच्या हिवाळ्यात राहताना

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोमला, सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. दिवस जेमतेम सहा तासांचा. पुण्यातला वर्षातला सगळ्यात छोटा दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. भारतातून नोकरीसाठी आलेला माणूस सकाळी आठला अंधारात घराबाहेर पडतो, पाचला अंधारातच परततो. तो सहा तासांचा उजेड सगळा ऑफिसच्या भिंतींबाहेर संपून गेलेला असतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासूनच अशा माणसांचे फोन यायला लागतात. "काही करावंसंच वाटत नाही." दहा तास झोपूनही डोळे उघडत नाहीत, चार वाजले की गोड किंवा भात-बटाटा खावासा वाटतो, माणसं नकोशी होतात. घरचे काळजीपोटी म्हणतात, "अरे, आळस झटक, मन घट्ट कर." इथेच चूक होते. ही मरगळ बऱ्याचदा उजेडाच्या उपासमारीतून येते आणि मनाला दटावून ती जात नाही. दर हिवाळ्यात येणाऱ्या अशा नैराश्याचं शास्त्रीय वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. भूक आणि झोप दोन्ही वाढणं ही त्याची ठळक खूण. नैराश्य म्हटलं की झोप उडणं, अन्न न जाणं एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं, म्हणून घरच्यांच्या हे लक्षात येत नाही.

डोळ्याच्या पडद्यावरच्या काही पेशी मेंदूतल्या घड्याळाला 'सकाळ झाली' असं कळवतात. त्यासाठी लागणारा उजेड आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप जास्त असतो. ऑफिसातल्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, तर ढगाळ हिवाळी दुपारीही बाहेर त्याच्या कितीतरी पट. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: दुपारी बारा ते एकच्या दरम्यान निदान अर्धा तास बाहेर चालणं, आभाळ कितीही राखाडी असलं तरी. इथे बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि फुटपाथ काचेसारखे होतात. बुटांखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे, ज्यांना इथे 'ब्रॉडार' म्हणतात, ते घेऊन ठेवा. पहिल्याच आठवड्यात घसरून पडलेला माणूस मार्चपर्यंत चालायला जात नाही.

दुसरा उपाय म्हणजे उजेडाचा दिवा. नेहमीचं माप १०,००० लक्स, सकाळी उठल्यावर तासाभरात, सुमारे ३० मिनिटं. खरेदी करताना एकच प्रश्न विचारा: १०,००० लक्स नेमके किती अंतरावर? छोट्या, स्वस्त दिव्यांत ते आकडे वीतभर अंतरावरचे असतात आणि दिवा टेबलाच्या पलीकडे ठेवला की उजेड झपाट्याने घटतो. अतिनील किरण गाळणारा दिवाच घ्या. त्याच्याकडे रोखून बघायचं नसतं. तो थोडा बाजूला ठेवून चहा-नाश्ता करायचा. फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात आणि लोक नेमके चौथ्या दिवशी कंटाळून तो कपाटात टाकतात. संध्याकाळी लावला तर रात्रीची झोप उडते. डोळ्यांचा आजार असेल, उजेडाने त्वचेला त्रास होईल अशी औषधं चालू असतील किंवा कधी बायपोलर आजाराचं निदान झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा लावू नका. बायपोलरमध्ये, म्हणजे मन कधी खोल खचतं तर कधी बेसुमार उसळतं अशा आजारात, त्याने उन्माद भडकू शकतो.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. इथे प्रौढांसाठी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिटची शिफारस आहे. हिवाळ्यातल्या उन्हातून ते मिळत नाही आणि मासे न खाणाऱ्यांना ते कमी पडण्याची शक्यता जास्त. भारतातून आणलेल्या ६०,००० युनिटच्या गोळ्या रक्त न तपासता घेऊ नका. आणि गोळी घेतली की उभारी आपोआप येईल, ही अपेक्षाही नको.

आता कामाची गोष्ट. उमेद आली की कामाला लागू, असं आपण म्हणतो. खचलेल्या दिवसांत क्रम उलटा असतो. आधी हात हलतात, मन मागून येतं. मानसोपचारातली एक रुजलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. कागदावर पाच कामं लिहा, प्रत्येक दहा मिनिटांत संपणारं, उदाहरणार्थ कुकर लावणं, एका मित्राला फोन, कपड्यांच्या घड्या, इमारतीला एक फेरी. प्रत्येकाआधी आणि नंतर मनाला शून्य ते दहा गुण द्या. दहा दिवसांनी कागदावर स्पष्ट दिसतं, कोणत्या कामाने दोन गुण वाढतात आणि मोबाइल चाळण्याने किती उतरतात. ती यादी ज्याची त्याचीच असते. एकाला पोहे परतून बरं वाटतं, दुसऱ्याला पोहायला जाऊन.

बिघडतं ते मोठ्या संकल्पांनी. आठवड्यातून पाच दिवस जिम ठरवायची, दुसऱ्या आठवड्यात ती बुडते आणि मरगळीवर अपराधीपणाचा थर चढतो. दुसरा घात रविवारचा. अकरापर्यंत झोपलं तर उरलेल्या पावणेचार तासांतले दोन आंघोळ-जेवणात जातात आणि सोमवारी शरीराचं घड्याळ आणखी मागे पडतं. सुट्टीतही उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त सरकू देऊ नका.

दोन आठवडे जवळजवळ रोज दिवसभर मन खाली असेल, कामावर जाणं जमेनासं झालं असेल, तर ११७७ या इथल्या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करा किंवा आपल्या 'वॉर्डसेंट्राल'मध्ये, म्हणजे जवळच्या आरोग्य केंद्रात, वेळ घ्या. जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका, ११२ हा आणीबाणीचा क्रमांक लावा. भारतातल्या घरच्यांना स्वतःसाठी आधार हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आणि घरच्यांना एक मनापासून विनंती. हिवाळ्यात भारत इथून साडेचार तास पुढे असतो. तुमचा साडेचारचा चहा होतो तेव्हा इथे बरोबर दुपारचे बारा वाजलेले असतात, म्हणजे उजेडाची वेळ. रात्री जेवणानंतर फोन करण्याऐवजी तेव्हा करा, आणि पहिलं वाक्य असू द्या, "बूट घाल, बाहेर पड, चालता चालता बोलू."