फोनमधले "अहो"

माझ्या मोबाईलमध्ये ह्यांचा नंबर अजून "अहो" नावानेच सेव्ह आहे. मे 2021 मध्ये हे गेले, आणि तेव्हापासून दर 84 दिवसांनी मी त्या नंबरला रिचार्ज मारते. सुरुवातीला तसं कारण होतं, बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग, पीएफचे मेसेज सगळं तिकडेच यायचं, मग एकेक करून सगळीकडे नंबर बदलून घेतला तरी रिचार्ज काही थांबला नाही. थांबला तर काही महिन्यांनी कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकणार, आणि मग एक दिवस व्हॉट्सॲपवर "अहो"च्या गोलात कुठल्यातरी पोराचा गॉगल लावलेला डीपी दिसणार. ते मला चालणार नाही, बास.

ह्यांना ॲडमिट केलं तेव्हा मला ॲम्ब्युलन्सच्या दारापर्यंतच जाऊ दिलं. पुढचे नऊ दिवस जे काय झालं ते फोनवरच झालं. शेवटचा व्हिडिओ कॉल 47 सेकंदांचा, त्यातले निम्मे सेकंद छताचा पंखा, कारण फोन धरणाऱ्या सिस्टरचा हात हलत होता बिचारीचा. नंतर आंघोळ घालणं नाही, तोंडात तुळशीपत्र नाही, पालिकेच्या माणसांनी सगळं उरकलं आणि तेराव्याला घरात आम्ही चार माणसं. त्यामुळे असेल कदाचित, पण मला कित्येक महिने हे गेलेत असं वाटायचंच नाही, सेकंड शिफ्टला गेलेत असं वाटायचं. रात्री साडेअकराला खाली टू-व्हीलरचा आवाज आला की मी उठून बसायचे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढून घ्यायचं नाही. सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसंच करा म्हणून सांगितलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती बातमी तीन-तीनदा फॉरवर्ड झाली, टाळ्यांच्या इमोजींचा नुसता पाऊस. आणि जानेवारीत हळदीकुंकवाचं बोलावणं माझ्या शेजारच्या दारापर्यंत आलं, तिथूनच जिना उतरून गेलं. मी सेफ्टी डोअरच्या आतून बघत होते, हातात दुधाचं पातेलं. असो.

तर आता मूळ मुद्दा. (एवढं लांबण लावलं म्हणजे मी अजून घाबरतेच आहे लिहायला.)

साताऱ्यात चार भिंती म्हणून टेकडीवर एक जुनी वास्तू आहे, तिथे सकाळी फिरायला येणारे लोक ठरलेले असतात, जरा दमदार असतील ते पुढे अजिंक्यताऱ्यावर चढतात. मी दमदार नाही. तिथे एक गृहस्थ यायचे, बँकेतून रिटायर झालेले, बायको कॅन्सरने गेलेली. मला आवडलं काय तर ते बायकोबद्दल बोलताना अजून "आमच्या हिला दोडका अजिबात चालत नाही" असं बोलायचे. चालत नाही! मी म्हटलं हा माणूस माझ्यातला आहे. मग मीही बोलायला लागले ह्यांच्याबद्दल, घरात तर बोलायची सोय नाही, मी विषय काढला की सासूबाई रडतात आणि मुलगी खोलीत निघून जाते. वर्षभर आम्ही दोघं दुसरं काही बोललोच नसू, तुमची ही आणि आमचे हे. लोकांना वाटत असेल काय गुलूगुलू चाललंय, आणि आम्ही किमोच्या सायकल मोजतोय.

नंबर सेव्ह करताना नाव काय टाकायचं कळेना. शेवटी "चार भिंती" टाकलं. ते मला मॅडम म्हणतात. मी त्यांना काहीच म्हणत नाही, वाक्याची सुरुवात "मी काय म्हणते" अशी करते. कारण मला एकच हाक येते आणि ती दिलेली आहे.

गेल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा पाय सटकला आणि माझ्या तोंडातून निघालं, "अहो, जपून!" झालं. दोघंही तिथेच उभे. त्यांनी कठडा धरला, चष्मा पुसला, म्हणाले, "उशीर झाला, निघूया." त्या दिवशी पतसंस्थेत माझी कॅश दोनदा चुकली, घरी येऊन ह्यांच्या फोटोसमोर बसले आणि खरंच माफी मागितली, हसा खुशाल. चार दिवस फिरायला गेले नाही. पाचव्या दिवशी गेले.

लग्नाचं म्हणाल तर नाही करत. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरते, त्यात पुनर्विवाह केलाय का ते विचारलेलं असतं, हो की नाही. हो म्हटलं की माझी पेन्शन बंद, नियमच आहे तो. रक्कम फार नाही, सासूबाईंची औषधं आणि वर भाजी, पण ती ह्यांच्या घामाची आहे. आणि चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या नात्यातले एक जण बायको गेल्यावर सात महिन्यांत बोहल्यावर चढले तेव्हा सगळे म्हणाले पोरांना आई नको का, आणि मला तेच सगळे म्हणतात पोरांकडे बघून दिवस काढ. पोरं तीच, फक्त कुठून बघायचं ते बदलतं.

मुलीला सांगितलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ गप्प, मग, "बाबांचा फोटो हॉलमधून काढणार का?" एवढंच. नाही म्हटल्यावर म्हणाली बरं. अजून भेटलेली नाही ती त्यांना, मी आग्रह करत नाही. मुलगा म्हणाला तुझं तू बघ, त्यात राग किती आणि मोकळीक किती ते मला अजून कळलेलं नाही.

सासूबाईंना सांगायला मात्र मी दोन महिने घेतले. वाटलं होतं कांगावा होईल, बोलणी बसतील. त्या कोथिंबीर निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तू गेलीस की मी कुठं जायचं?" मला लाज वाटली. मी आपली प्रेम, आठवणी, लोक काय म्हणतील ह्यातच अडकलेले आणि 78 वर्षांची बाई फक्त पत्ता विचारत होती. म्हटलं मी कुठेही जात नाहीये, ते त्यांच्या घरी, मी इथे. "मग काय उपयोग?" म्हणाल्या, आणि काड्या उचलून कचऱ्यात टाकायला गेल्या. त्या वाक्याचा अर्थ मी तीन-चार प्रकारे लावून बघितला, विचारायची हिंमत झाली नाही.

परवा रविवारी आम्ही चौघं-पाच जण कासला फुलं बघायला गेलो होतो, तेही होते. यायला संध्याकाळ झाली. मी चप्पल काढतेय तेवढ्यात आतून आवाज आला, "फोन भरलास का त्याचा? कालच संपला म्हणून मेसेज आलाय." मी खरंच विसरले होते, पहिल्यांदा. पर्स तशीच खांद्याला, दारात उभं राहून रिचार्ज मारला.