केवढे होते ते?

"आई, हे केवढे होते गं?"

दिल्लीत, राष्ट्रीय समर स्मारकाच्या त्याग चक्रात, म्हणजे शहीद जवानांची नावं कोरलेल्या भिंतींपाशी, धाकटी एका दगडी पाटीवर बोट ठेवून उभी होती. सोनेरी अक्षरांत नाव, हुद्दा, पलटण. मला आधी वाटलं, उंची विचारतेय. ती वय विचारत होती.

वय तिथे लिहिलेलं नाही.

सकाळपासून मी मुलांना नुसते आकडेच सांगत होते. कुतुबमिनार जवळजवळ 73 मीटर. इंडिया गेट 42 मीटर, पायाभरणी 1921, उद्घाटन 1931. थोरल्याने तर सगळं पाठही करून टाकलं. या भिंतींपाशी आल्यावरही मी तेच म्हटलं, "इथे 25,000 हून जास्त नावं आहेत." आणि ही पोर एकाच नावापाशी अडून बसली.

"दादापेक्षा मोठे असतील ना?"

"हो बाळा, मोठे." एवढंच सुचलं. थोरला बारावीत आहे. त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असतील यातली कितीतरी मुलं. हे मनात आलं आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

लाल किल्ला बघायचा राहिला. राहू दे. संध्याकाळी इथे एका शहीद जवानाच्या घरचं माणूस येऊन पुष्पचक्र वाहतं, त्यासाठी आम्ही थांबलो. आजूबाजूची सगळी गर्दी गप्प झाली होती. धाकटीने माझा हात घट्ट धरला.

रात्री झोपताना म्हणाली, "त्यांच्या आईला माहीत असेल, केवढे होते ते."

मी दिवा मालवला. तुम्ही काय उत्तर दिलं असतंत?