डिस्प्ले येत नाही

हळदीच्या पेढीवरचा कॉम्प्युटर उघडला की आतून हळद निघते, हे सांगलीबाहेरच्या माणसाला अतिशयोक्तीचे वाटेल. पण मार्केट यार्डात सौद्यांच्या दिवसांत हवेत जो पिवळा धुरळा असतो, तो गादीवर, खतावणीवर आणि दिवाणजींच्या टोपीवर बसतो, तसाच कॅबिनेटच्या जाळीतून आतही ओढला जातो आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये काही वर्षांत त्याचा घट्ट थर जमतो. वारा खेळेनासा झाला की प्रोसेसर तापतो, तापला की जीव वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर मशीन धाडकन बंद पडते. समोर बसलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की टॅलीत एक पावती टाकेपर्यंत चहा गार होतो.

"साहेब, मशीन म्हातारं झालंय आता. तुम्हीच सांगा की शेठना, नवीन घ्या म्हणून," असे आमच्या ओळखीचे एक दिवाणजी मला दर हंगामात सांगत. मी त्यांचा शब्द शेठजींपर्यंत कधीच पोहोचवला नाही. ब्लोअरने धूळ उडवली (उडवताना पंख्याचे पाते पेन्सिलीने अडवून धरावे लागते, नाहीतर तो उलटसुलट गरगरतो आणि त्याचे बेअरिंग जाते), प्रोसेसरवरची वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पुसून नवी लावली, आणि म्हातारे मशीन दिवाणजींच्या नाराजीची पर्वा न करता पुन्हा कामाला लागले.

जुन्या डेस्कटॉपच्या बाबतीत माझे मत या आणि अशा कामांतून पक्के होत गेले आहे. तो सबंधच्या सबंध क्वचित मरतो. त्यातला एखादा स्वस्त भाग मरतो, आणि आपण दुःख मात्र सगळ्या यंत्राचे करतो. मोबाइल किंवा हल्लीचे पातळ लॅपटॉप यांच्या पोटात शिरायला खास अवजारे आणि बरेच धाडस लागते. डेस्कटॉपच्या कॅबिनेटला दोन स्क्रू असतात. ते काढले की एक बाजू सरकते आणि आतला सगळा कारभार उघड्यावर येतो. घरातल्या यंत्रांपैकी इतके मोकळेपणाने वागणारे दुसरे यंत्र आता फारसे उरलेले नाही.

"डिस्प्ले येत नाही" ही या क्षेत्रातली सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार आहे. पंखा फिरतो, दिवा लागतो, मॉनिटर मात्र काळा. अशा वेळी सराईत दुरुस्तीवाला काय करतो हे पाहण्यासारखे असते. तो काही जोडत नाही. तो काढत जातो. प्रिंटर, पेनड्राइव्ह, डीव्हीडी, हार्ड डिस्क, जास्तीचे कार्ड असे एकेक सोडवत तो शेवटी मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी), प्रोसेसर, एक रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) आणि एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) एवढ्यावर येतो. एवढ्यावर जर पडद्यावर अक्षरे उमटली, तर दोष काढून ठेवलेल्या वस्तूंपैकी एकीत आहे. नाही उमटली, तर उरलेल्या चौघांत. मग रॅमही काढायची आणि कान द्यायचा. मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर रॅम नसताना बोर्डाने बीप वाजवून तक्रार केली पाहिजे. तक्रार आली म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर शुद्धीवर आहेत. पूर्ण शांतता असेल, तर मात्र काळजीचे कारण आहे.

पुष्कळदा खेळ रॅमपाशीच संपतो. रॅमच्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी मुलामा दिलेले बारीक दात असतात. सांगलीची पावसाळी दमट हवा आणि धूळ यांमुळे त्यांवर एक मळकट, नजरेला जेमतेम जाणवणारी पापुद्री चढते आणि स्लॉटमधल्या स्प्रिंगशी त्यांची नीट गाठ पडेनाशी होते. त्यावरचा उपाय शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत मिळतो. पांढरा मऊ खोडरबर घेऊन त्या दातांवरून एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवायचा. रबराचा चुरा ब्रशने पूर्णपणे झटकायचा, कारण तोच स्लॉटमध्ये गेला तर नवा आजार. आणि मग पट्टी दोन्ही टोकांच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत सरळ दाबून बसवायची. या उपायाने उठलेल्या मशीनकडे पाहून लोक हात जोडतात आणि "काय बदललंत?" असे विचारतात. काहीच बदलले नाही म्हटल्यावर पैसे द्यायला मात्र त्यांचा हात आखडतो. दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्यांनी रॅम पुसण्याचे काम गिऱ्हाइकासमोर का करू नये, याचे हे कारण असावे.

दुसरा असाच क्षुद्र दिसणारा अपराधी म्हणजे मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल. सीआर २०३२ हे त्याचे नाव, ३ व्होल्ट त्याची ताकद. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे आणि बायोसमधली (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधली) मांडणी लक्षात ठेवणे एवढेच त्याचे काम. तो संपला की मशीन दर सकाळी स्वतःच्या जन्माच्या काळात जाऊन पोहोचते; कुणाचे २००२ मध्ये, कुणाचे २००९ मध्ये. त्याचे परिणाम मोठे मजेशीर असतात. इंटरनेटवरच्या सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते, आणि २००९ मध्ये असलेल्या यंत्राला आजचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे वाटते. म्हणून बँकेपासून रेल्वेपर्यंत कुठलेही पान उघडायचे ते नाकारते. घरचे लोक आधी नेट कंपनीशी भांडतात, मग व्हायरस आला असे ठरवतात, मग विंडोज नव्याने टाकून घेतात. कोपऱ्यातल्या तारखेकडे कुणाचेही लक्ष जात नाही.

अर्थात सगळेच दोष इतके गरीब नसतात. साधारण २००० ते २००७ या काळातल्या पुष्कळ मदरबोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइट (रासायनिक द्रव) भरलेले कपॅसिटर (वीजभार साठवणारे भाग) बसवले गेले होते आणि जगभर ते अकाली फुगले. आजही त्या वयाचा बोर्ड हातात आला की मी आधी प्रोसेसरभोवतीच्या त्या छोट्या नळकांड्यांचे माथे पाहतो. सपाट असतील तर ठीक. घुमटासारखे फुगलेले किंवा तपकिरी रस गळालेला असेल, तर मशीन कधी चालेल, कधी चालणार नाही, आणि दोष रॅमचा की विंडोजचा या शोधात माणूस मात्र थकेल. कपॅसिटर बदलता येतात, पण त्यासाठी सोल्डरिंगचा सरावलेला हात पाहिजे. एसएमपीएसचा डबा मात्र हौशी माणसाने उघडूच नये. वीज काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

सांगलीत या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे कृष्णेची. २००५ च्या महापुराची खूण भिंतीवर जपून, तिच्यावर हातभर अंतर सोडून ज्यांनी फळ्या ठोकल्या होत्या, त्यांच्या हिशोबाला २०१९ च्या ऑगस्टने धडा शिकवला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तर तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पाणी ओसरल्यावर पेठांमध्ये दुकानांपुढे गाळाने माखलेले कॉम्प्युटर ओळीने मांडलेले होते, आणि जो तो एकच गोष्ट करायला उतावीळ होता: वाळल्यासारखे दिसताच प्लग लावून पाहणे. पुरात भिजलेल्या यंत्राला तेवढे एक करू नये. नुसत्या पाण्याने मदरबोर्ड लगेच मरत नाही. ओला गाळ पोटात असताना वीज सोडली की मरतो. स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने फिरवायचे, दिवसेंदिवस वाळवायचे आणि त्यानंतर आशा धरायची. हार्ड डिस्कचे गणित वेगळे आहे. तिच्या झाकणावर हवेचा दाब सारखा राखण्यासाठी एक बारीक छिद्र असते, आणि ते बंद करू नका अशी सूचना शेजारीच छापलेली असते. बुडालेल्या डिस्कमध्ये त्या छिद्रातून पाणी शिरलेले असू शकते. तिच्यातला हिशोब हवा असेल, तर तिला वीज न दाखवता डेटा काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावे.

दुरुस्त झालेल्या मशीनला काम काय द्यायचे, हा पुढचा आणि माझ्या मते अधिक अवघड प्रश्न. इथे लोक चटकन "रॅम किती, प्रोसेसर कोणता" असे विचारू लागतात. मी आधी विचारतो, त्यावर काय करायचे आहे. २००६ नंतरच्या कोअर टू डुओ प्रोसेसरवर चार जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी सर्वांत लहान सॅटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी आवृत्ती घातली, तर पत्रे लिहिणे, पीडीएफ वाचणे, गाणी ऐकणे यांसाठी ते मशीन निवांत पुरते. सरकारमान्य संगणक टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना सरावासाठी याहून जास्त काही लागत नाही; उलट त्याचा जुना, खोल कळांचा कीबोर्ड बोटांना बरे वळण लावतो. एका खेड्यातल्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी अशाच एका मशीनवर लिब्रे ऑफिसमध्ये भरली जात आहे आणि ग्रंथपालबाईंची एकच अट आहे, की त्यात इंटरनेट नको, मुले येऊन बसतात. ही अट मला फार शहाणपणाची वाटली. त्याहून जुन्या, निव्वळ ३२ बिटच्या पेंटियमची वाट मात्र आता अरुंद होत चालली आहे. डेबियनसारख्या जुन्या जाणत्या लिनक्स प्रकल्पानेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे बंद केले.

जुन्या मशीनचा घरगुती सर्व्हर करून ते रात्रंदिवस चालू ठेवण्याचा सल्ला हल्ली उत्साहाने दिला जातो. त्याला माझा विरोध आहे, आणि तो भावनेचा नसून मीटरचा आहे. शंभर वॅट खाणारे मशीन चोवीस तास चालले तर महिन्याला ७२ युनिट होतात. फुकट मिळालेले यंत्र एवढी वीज पिऊन चार फोटो सांभाळणार असेल, तर ते फुकट नव्हे. दिवसातून तास-दोन तास लागणारे काम त्याला द्यावे आणि संध्याकाळी ते बंद करावे.

आणि काही मशीनांना नवे काम देऊच नये. जुनेच करू द्यावे. खणभागातल्या एका छापखान्यात विंडोज एक्सपी, पानांची मांडणी करणारे पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टचे श्रीलिपी असा संसार अजून चालू आहे. लग्नपत्रिकांचे हजारो नमुने, गणपती मंडळांच्या पावत्या, पतसंस्थांचे अहवाल, सगळे त्यात. श्रीलिपीची डोंगल (परवान्याची किल्ली) मागच्या पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या जागी, लागते आणि तो पोर्ट आजच्या मदरबोर्डवर सहसा मिळत नाही. तिथल्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेल्या तर युनिकोडपूर्व फॉन्टमुळे "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा उमटतो. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, तेव्हा नियम सोपा आहे: त्या मशीनला इंटरनेटची तार लागता कामा नये, बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नये, आणि डिस्कची हुबेहूब प्रत करून ती वेगळ्या जागी, शक्यतो वरच्या मजल्यावर, ठेवावी. मालक म्हणतात, "चाललंय तवर हात लावू नका त्याला." मी प्रत करण्यापुरता हात लावला, तेवढे त्यांनी चालवून घेतले.

खरे म्हणजे आता म्हातारपणाची व्याख्याच यंत्राच्या हातात राहिलेली नाही. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागते आणि इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्याच्या यादीबाहेर आहेत. म्हणजे २०१७ मध्ये घेतलेला, आजही धडधाकट असलेला इंटेलचा आय फाइव्ह प्रोसेसर एका तारखेने जुना ठरला. येत्या काळात अशी मशीने कचेऱ्यांतून आणि पतसंस्थांतून ढिगाने बाहेर पडतील. ज्यांना मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचा आहे त्यांनी थोडे थांबून ती उचलावीत, असे मी सध्या भेटेल त्याला सांगतो आहे.

एवढे करूनही जे उठत नाही, ते सोडून द्यायला शिकावे लागते. बोर्ड जळला असेल तर त्यासाठी जुना बोर्ड शोधत कोल्हापूर, पुण्याची दुकाने पालथी घालण्यात अर्थ नाही. त्यातली रॅम, एसएमपीएस, पंखा काढून घ्यावा, डिस्क पुसावी (नुसत्या डिलीटने नव्हे; सगळ्या डिस्कवर शून्ये लिहून), आणि उरलेले भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे. जुन्या फुगीर मॉनिटरच्या काचेत शिसे असते आणि तांब्यासाठी तारा जाळणाऱ्याच्या अंगणात त्याचे काय होते, हे त्या अंगणात खेळणारी मुले भोगतात. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत खरे, पण आमच्या गल्लीत रविवारी सकाळी "भंगाऽर" ही आरोळी येते तेव्हा मॉनिटर उचलून बाहेर नेणाऱ्याला त्या नियमांची आठवण करून द्यायला शेजाऱ्यानेच दारात उभे राहावे लागते.