आमची वाटचाल : लाकूड तेच, लगदा जास्त

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात आमचं चिपर युनिट आहे, म्हणजे लाकडाचे कागदासाठी बारीक तुकडे (चिप्स) करणारा कारखाना. वडील लाकूड भरून द्यायचे; शेतकऱ्यांच्या धुऱ्यावरची सुबाभूळ, निलगिरी तोडायची, ट्रक भरायचा आणि कागद कारखान्याच्या काट्यावर न्यायचा. आमच्या भागात कागद म्हटला की बल्लारपूरच.

धंदा हाती आल्यावर मी आधी वजनाचा हिशेब मांडला. ताज्या तोडीत निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. कोरड्या लाकडाचाही रासायनिक पद्धतीने 45 ते 50 टक्केच लगदा होतो, कारण तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निन कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाईडमध्ये विरघळतं. ते काळं द्रावण घट्ट करून बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफ आणि रसायनं परत मिळतात. ते कारखान्याचं काम. आपल्या हातात आहे ते त्याच्या आधीचं, आणि नासाडीही बरीचशी तिथेच होते.

म्हणून आम्ही चिप्स करून द्यायला लागलो. चिप 20 ते 25 मिलिमीटर लांब चालते, पण खरा खेळ जाडीचा. 8 मिलिमीटरच्या वर गेली की रसायन आतपर्यंत पोचत नाही, गाभा कच्चा राहतो आणि चाळणीवर गाठी अडकतात. फार बारीक झाली तर जास्त शिजते, तंतूच खराब होतात. त्यामुळे पात्याची धार हा आमच्याकडे रोजचा विषय. बोथट पात्याने लाकूड कापलं जात नाही, चुरडतं. लाकूड फार वाळवलं तरी भुसा वाढतो, हे नव्या माणसाला पटवायला वेळ लागतो.

साल आता वावरातच सोलतो. ताज्या लाकडाची ती सहज निघते, आणि तिच्यासोबतची माती-वाळू चिपरपर्यंत येत नाही. चाळणीखालचा भुसा पांढरा कोळसा, म्हणजे भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्याला जातो. तो कपाशीची पऱ्हाटीही घेतो, त्यामुळे त्याच्या गाड्या आमच्याकडे येतच असतात.

सोललेल्या लाकडाचं वजन कमी भरतं, मग शेतकऱ्याने का सोलू द्यावं? म्हणून त्याचा काटा सालीसकट, तोडीच्या दिवशीच करतो. वाळण्यातली घट आमची. यात नफा थोडा कमी होतो, पण पुढच्या तोडीला तोच शेतकरी आधी आम्हाला फोन करतो.

यंदा जाडीनुसार चिप्स वेगळ्या करणारी चाळणी घ्यायची आहे. बँकेशी बोलणी चालू आहेत.